‘हो’ची चौकट, ‘नाही’ची चौकट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तेव्हा उत्तरही दोन ओळींत उरकणार नाही.

अमेरिकेतल्या सरकारी कार्यालयांत होणाऱ्या मतदार नोंदणीबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हा बायडन यांच्या काळातला उद्योग, सरकारी मदत मागायला आलेल्या माणसापुढे मतदाराचा अर्ज सरकवणं म्हणजे मतपेढी बांधणं, ज्याला मत द्यायचंय तो आपल्या पायांनी जाऊन नाव घालेल, आणि या गडबडीत परदेशी माणसंही यादीत घुसतात.

पहिला मुद्दा लगेच संपतो. बायडन यांनी 2021 साली एक आदेश काढला होता खरा. केंद्रीय खात्यांनी नोंदणीला हातभार लावावा, असा. ट्रम्प यांनी 2025 साली तो रद्दही केला. मी लिहिलं होतं ते 1993 च्या कायद्याबद्दल : लायसन्स काढायला किंवा सरकारी मदत मागायला आलेल्या माणसाला तिथेच मतदार नोंदणीबद्दल विचारायला लावणारा कायदा. त्याच्या आदल्याच वर्षी थोरल्या बुश यांनी असंच एक विधेयक नकाराधिकार वापरून परत धाडलं होतं. मे 1993 मध्ये क्लिंटन यांनी सही केली आणि 1995 पासून अंमल सुरू झाला. आदेश आला नि गेला, कायदा आहे तिथेच आहे.

आता मतपेढी. या कायद्याचं बोलीतलं नाव ‘मोटर व्होटर’, कारण मुख्य ठिकाण लायसन्सचं ऑफिस. पण ज्याच्याकडे गाडीच नाही तो तिथे जाणार कशाला? म्हणून फूड स्टॅम्प (गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत), मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) देणारी कार्यालयं आणि अपंगांसाठीच्या सेवा त्यात आल्या. तुमच्या नजरेतून सुटलेली गोष्ट अशी की त्याच कलमात सैन्यभरतीची कार्यालयंही आहेत. नुसती मतपेढीच बांधायची असती, तर भरतीच्या रांगेतल्या पोरांना कोण विचारायला गेलं असतं?

शिवाय या कार्यालयांत आलेल्या माणसापुढे नोंदणीचा जो कागद ठेवतात, त्यावर काय छापलेलं असतं ते बघा. प्रश्न एकच : सध्या राहता तिथे तुमची मतदार म्हणून नोंद नसेल, तर आज इथे अर्ज करायचा आहे का? खाली दोन चौकटी, ‘हो’ आणि ‘नाही’. एकीवरही खूण केली नाही, तर ते ‘नाही’ धरायचं. नोंदणी केली काय, न केली काय, मिळणाऱ्या मदतीच्या रकमेत फरक पडणार नाही, हेही तिथेच लिहायचं. कर्मचाऱ्यानं स्वतःचा पक्ष दिसू द्यायचा नाही, समोरच्याच्या कलावर दबाव आणायचा नाही. आणि स्वतःच्या खात्याचा फॉर्म भरायला जेवढी मदत करतो तेवढीच याही फॉर्मला करायची. भरलेला अर्ज 10 दिवसांत पुढे पाठवायचा. मतं गोळा करायला निघालेला माणूस ‘नाही’ची चौकट इतकी जपत नाही.

‘आपल्या पायांनी जाईल’ हे वाक्य मलाही पूर्वी पटायचं. पण घर बदललेल्या माणसाचा विचार करा. आपल्याकडे निदान बीएलओ कधीमधी दारात येतो. तिकडे यादीत नाव ठेवणं ही बरीचशी नागरिकाचीच जबाबदारी. भाड्याचं घर बदललं की वीजजोडणी आठवते, मुलांची शाळा आठवते, फूड स्टॅम्पचा पत्ता तर बदलावाच लागतो, नाहीतर कागदपत्रं जुन्या घरी जातात. मतदार यादी आठवते थेट निवडणुकीच्या तोंडावर, आणि तोवर बऱ्याच राज्यांत मुदत संपलेली असते (मतदानाच्या 30 दिवस आधीपर्यंतची मुदत ठेवायला कायद्याची मुभा आहे). म्हणून पत्ता बदलताना, नूतनीकरणाच्या वेळी, दरवेळी हा प्रश्न पुन्हा विचारायचा असतो. नोंदलेला प्रत्येक जण मत देतोच असं नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण ते वेगळं दुखणं.

खरं तर तक्रारी उलट्या दिशेनं आल्या. कार्यालयं विचारतच नव्हती! मिसुरी राज्यात 2008 साली न्यायालयाला तसा आदेश द्यावा लागला, ओहायोतला दावा 2009 साली तडजोडीनं मिटला.

परदेशी नागरिकांचा मुद्दा मात्र तुमचा खरा आहे, आणि तो मला कागदावरून कळलेला नाही. व्हिसावर असताना मी लायसन्स काढायला गेलो होतो. काउंटरमागची बाई मान वर न करता प्रश्न टाकत होती : पत्ता हाच? चष्मा आहे? अवयवदान करणार? व्होटर रजिस्ट्रेशन? माझं आपलं येस, येस, येस. चौथं ‘येस’ अर्धं बाहेर पडलं होतं, ते गिळलं. तिची काही चूक म्हणवत नाही, मागे चाळीसेक माणसांची रांग होती. पण नागरिक नसताना नागरिक म्हणवून घेणं तिथे गुन्हा आहे आणि पुढे ग्रीन कार्डाचा रस्ताच बंद होऊ शकतो. म्हणजे घोटाळ्यात यादी बिघडते, आणि आयुष्य बिघडतं त्या माणसाचं.

ओरेगॉनचं उदाहरण तुम्ही दिलंत तेही खरं. 2024 साली तिथे 1,200 हून अधिक जणांची नागरिकत्वाचा पुरावा नसताना नोंद झाल्याचं उघडकीला आलं. त्यातल्या मोजक्याच लोकांनी मत दिलं होतं, पण नोंद ती नोंद. फक्त एक लक्षात घ्या : ओरेगॉनमध्ये 2016 पासून नोंदणी आपोआप होते. काउंटरवर विचारतच नाहीत. नको असेल त्यानं नंतर घरी आलेलं पत्र भरून कळवायचं. परदेशी पासपोर्ट दाखवणाऱ्याची नोंद कर्मचाऱ्यानं चुकून अमेरिकी कागद म्हणून केली, की पुढचं सगळं यंत्रच करतं. मिसुरीत प्रश्न विचारलाच गेला नाही, इथे त्याचं उत्तर यंत्रानं देऊन टाकलं. 1993 च्या कायद्यातली दोन चौकटींची पद्धत मला म्हणूनच जास्त पटते. ती वेळखाऊ आहे, हे कबूल.

मूळ लेखात मी ‘यात कुणाचंच नुकसान नाही’ असं बेधडक लिहिलं होतं. ते वाक्य आज काढलंय आणि त्या जागी व्हिसावर असलेल्यांसाठी दोन ओळी घातल्यात : हा प्रश्न आला की थांबा, ‘आय ॲम नॉट अ सिटिझन’ असं स्पष्ट सांगा, आणि सही करण्याआधी छापील कागद एकदा वाचून घ्या.