शेपूट सहा मिलिमीटरचं

जुनी जपानी मोटरसायकल पुन्हा उभी करायची तर टाकी मिळवणं अवघड, असा लोकांचा समज असतो. टाकी मिळते. सायलेन्सर मिळतात, सीटचं कव्हर मिळतं, इंडिकेटरच्या काचासुद्धा कुणीतरी नव्याने ओतून विकत असतो. मग गाडी जोडायला घ्यावी, तर क्लच कव्हरचा एक स्क्रू नसतो. हत्ती गेला, शेपूट राहिलं. आणि हे शेपूट सहा मिलिमीटर जाड, वीस मिलिमीटर लांब, शिवाय डोक्याला मूळची गोलाई असलेलंच हवं असतं. आपलाच एक स्क्रू ढिला असल्याशिवाय असल्या स्क्रूच्या मागे कुणी लागत नाही, हे मला मान्य आहे.

मुळात मूळचा स्क्रू जातो कुठे? बहुतेक वेळा त्याचा खून झालेला असतो, आणि हत्यार आपल्याच पेटीत सापडतं. डोक्यावरची खाच अधिकच्या चिन्हासारखी दिसते म्हणून आपण फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर लावतो. पण ती खाच जपानी मानकाची, म्हणजे जेआयएसची असते. फिलिप्सच्या पात्यांच्या कोपऱ्यांत गोलाई असते, त्यामुळे तो जपानी खाचेच्या तळाला टेकतच नाही. जोर लावला की टोक वर सरकतं आणि खाचेची वाटी होते. सहा मिलिमीटरच्या स्क्रूला तीन नंबरचा जेआयएस ड्रायव्हर लागतो, तीन ते पाचला दोन नंबरचा. दोन नंबरवर सहाचा स्क्रू काढू पाहणाऱ्याला मी शूर म्हणेन, शहाणा म्हणणार नाही.

ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये पन्नास वर्षं बसलेला पोलादी स्क्रू तर नुसत्या मनगटाला दाद देत नाही. रात्रभर आट्यांत शिरणारं तेल सोडायचं, केसिंग हीटगनने तापवायची, हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर खाचेत उभा धरून नेमका ठोका द्यायचा. सुटताना ‘टक्’ असा कोरडा आवाज होतो, आणि बाहेर आलेल्या आट्यांत पांढरी पूड दिसते. ती पूड म्हणजे गंजलेलं ॲल्युमिनियम. त्यानेच स्क्रू धरून ठेवलेला असतो. आवाज ‘टक्’ऐवजी मऊ आला, तर डोकं हातात आणि देह आत.

बरं, मग हार्डवेअरच्या दुकानातून सहाचा बोल्ट आणावा? आणावा, पण डोकं मोजून. सहाच्या साध्या बोल्टला सगळीकडे १० चा पाना लागतो, इथवर जग एकमताचं आहे. आठच्या जपानी बोल्टला १२ चा पाना, जर्मन मानकाला १३ चा. दहाच्या जपानीला १४, जर्मनला १७. म्हणजे बाजारातला बोल्ट चपखल बसेल आणि लांबूनच ओरडून सांगेल की मी या घरचा नाही. शिवाय दहाच्या बोल्टला जपानी गाडीत आट्यांची पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, सहसा १.२५ मिलिमीटर असते आणि दुकानदार देतो १.५ ची. ‘बसतो की साहेब!’ बसतो. एकदाच बसतो.

पण बारीक स्क्रूंची गंमत याहून बारीक आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी कारखाने आंतरराष्ट्रीय मानकाच्या, म्हणजे आयएसओ आट्यांकडे वळले. त्याआधी पाचच्या स्क्रूची पिच ०.९ होती, नंतर ०.८ झाली. चारची ०.७५ ची ०.७ आणि तीनची ०.६ ची ०.५. त्यामुळे जुन्या भोकात नवा स्क्रू दोन-अडीच फेरे अगदी आनंदाने जातो आणि मग जड होतो. इथे ‘थोडा टाइट आहे’ म्हणत जोर लावणारा आटे कापत असतो. डोक्यावर कोरलेला ठिपका दिसला की लोक ‘ओरिजिनल जेआयएस’ म्हणून मोहरतात. होंडाच्या जुन्या गाड्यांत डोक्यावरची ही खूण आयएसओ आट्यांची, म्हणजे नव्या वळणाची होती. १९६५ च्या गाडीवर ठिपकेवाला पाचचा स्क्रू मिरवणं म्हणजे आजोबांच्या लग्नाच्या फोटोत मोबाइल दिसणं.

तरी होंडाने एक उपकार केला आहे. साध्या बोल्टच्या भाग-क्रमांकातच माप लिहिलेलं असतं. ९५७०१-०६०२०-०० म्हणजे कॉलरवाला बोल्ट, सहा जाड, वीस लांब. त्यामुळे आपल्या मॉडेलच्या यादीत नाही मिळाला तरी तोच क्रमांक भलत्याच गाडीच्या यादीत, कधी पाण्याच्या पंपाच्याही यादीत, जिवंत सापडतो. ९० ने सुरू होणारे क्रमांक मात्र खास घडणीचे, त्यांत माप शोधू नये. आणि ‘जुना क्रमांक बंद, त्याऐवजी हा’ असं लिहिलेलं दिसलं की आधी फोटो मागवावा. सपाट डोकं आणि सुटा वायसर यांच्या जागी कॉलरवाला बोल्ट येतो. काम तेच करतो, चेहरा दुसराच.

स्टेनलेसचा ॲलन-स्क्रूंचा संच घेऊन मोकळं व्हा, असा सल्ला देणारे भेटतातच. चकचकीत दिसतो खरा, पण ए२-७० दर्जाचं स्टेनलेस ८.८ च्या (हा आकडा बोल्टच्या ताकदीचा दर्जा) पोलादापेक्षा मऊ असतं, आणि ॲल्युमिनियमला गंजवण्यात पोलादाला हार जात नाही. कव्हरला चालेल, ब्रेक कॅलिपरच्या बोल्टला नको. मला विचाराल तर कव्हरलाही नको, पण हा माझा हट्ट आहे.

उरतो एकच राजमार्ग: मूळचेच बोल्ट साफ करून पिवळ्या क्रोमेटचा झिंक मुलामा द्यायचा. मुलामा गंजाचे खड्डे झाकत नाही, आणि खड्डे घासून काढायला जावं तर डोक्यावरची कारखान्याची खूण पुसली जाते. जाडीही सांभाळायची. ८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर आट्याचा पिच-व्यास, म्हणजे उतारांच्या मध्यावर मोजलेला व्यास, ३२ मायक्रॉनने वाढवतो, कारण तो दोन्ही बाजूंच्या उतारांवर चढतो. सहाच्या बोल्टला हमखास मोकळीक २६ मायक्रॉनची. मग नट अर्ध्यावर रुसतो. १०.९ किंवा त्याहून कणखर बोल्ट ॲसिडात बुडाले की पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते नंतर अचानक तुटू शकतात. म्हणून मुलाम्यानंतर चार तासांच्या आत त्यांना सुमारे २०० अंशांवर भट्टीत कित्येक तास ठेवावं लागतं. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट या फंदात पाडूच नयेत.

मुलाम्याला सगळे बोल्ट एकाच पिंपात गरगरतात आणि एकाच पिशवीतून परत येतात. म्हणून पाठवण्याआधी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, कोणत्या भोकात किती लांबीचा, ते लिहून ठेवावं. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, कव्हर दाबलंच जात नाही आणि तेल गळतं. आखूड स्क्रू लांब भोकात गेला की दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि त्यांनाच घेऊन बाहेर येतो. मोजून द्यावेत, मोजून घ्यावेत. एक कमी भरतोच. तो कोणता, हे पुठ्ठ्यावरचं रिकामं भोक सांगतं: सहा जाड, वीस लांब.