लोकाभिमुख निरीक्षक कसे व्हावे

गोव्यात पोलीस स्थानकाचा ताबा मिळाला की आधी पंचायत सभागृहात जनसंवाद ठेवा. वेळ कामाच्या दिवशी सकाळी अकराची. तेव्हा मासळीवाली बाजारात असते, किनाऱ्यावरच्या शॅक-हॉटेलातला पोरगा कामावर आणि भाडेकरू मजूर साइटवर. उरतात सरपंच, पंच आणि हॉटेलवाले. त्यांचा प्रश्न एकच, पार्किंग. बटाटवडे, चहा, गटफोटो. बीटवरच्या हवालदाराला तेवढे बोलवू नका. गावात कोण कोणाला हप्ता देतो हे त्याला माहीत असते.

एवढे करूनही कोणी तक्रार घेऊन आलाच, तर कागद 'अर्ज' म्हणून घ्या. दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येणाऱ्या) गुन्ह्याचा एफआयआर नोंदवणे सक्तीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले खरे. पण साहेब बंदोबस्तावर असताना नोंदवणार कोण? आणि गोव्यात बंदोबस्त बारमाही पिकतो: कार्निव्हल, शिगमो, जुन्या गोव्याचे फेस्त, मधूनमधून विधानसभा अधिवेशन. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे मात्र आता म्हणू नका. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 173 ने ती सोय काढून घेतली. बदल्यात एफआयआरआधीची 14 दिवसांची प्राथमिक चौकशी दिली आहे. ती तीन वर्षे ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती, तीही उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीने. पण एवढे वाचून कोण येतो? आलाच तर तो वकील. त्याला खुर्ची द्या.

स्थानकातल्या कॅमेऱ्यांचे प्रकरण नाजूक. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा सगळे टिपले पाहिजे, आवाजासकट. चित्रण 18 महिने जपायचे, यंत्राची तेवढी क्षमता नसेल तर निदान वर्षभर. जबाबदारी निरीक्षकाची, म्हणजे तुमची. म्हणून बिघाड कळवणारे पत्र तारीख कोरी ठेवून तयार असू द्या. कारण विजेचे लिहा, पावसाळ्यात ते कोणालाही पटते. मार्चमधल्या मारहाणीला मात्र पाऊस लावू नका. चौकशी अधिकाऱ्यालाही थोडी लाज असते.

पोलीस तक्रार प्राधिकरणाची नोटीस आली तर पुढची तारीख मागा, मग त्याच्याही पुढची.

शिपायाचा पर्यटकाकडून पैसे घेतानाचा व्हिडिओ फिरला की संध्याकाळच्या बातम्यांआधी निलंबन. आदेश कडक शब्दांत, प्रत पत्रकारांना. शिपायाला घाबरण्याचे कारण नाही. पहिले तीन महिने निर्वाह भत्ता अर्धपगारी रजेच्या पगाराइतका मिळतो. आणि तीन महिन्यांत खात्याने आरोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे ताणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच म्हटले आहे. तेव्हा आरोपपत्राची घाई करू नका. फिर्यादी पर्यटक एव्हाना आपल्या गावी पोहोचला आहे, साक्षीसाठी तो पुन्हा रजा टाकणार नाही. मुदत संपली की शिपायाला थोडे दिवस राखीव दलात ठेवा, मग त्याच किनाऱ्यावर परत पाठवा. ऑक्टोबरात नवे पर्यटक येतात. त्यांनी तो व्हिडिओ पाहिलेला नसतो.