श्टुटगार्टमधले शिरवाळे

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मागच्या महिन्यात मी एक साधा प्रश्न विचारला होता. शनिवारी रात्री सहा जण जेवायला येणार आहेत, त्यांत एकीला दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे आणि एक जण व्हीगन आहे, तर दूध, दही, लोणी, तूप यांपैकी काहीही न घालता गोड काय करावे? कोथरूडच्या दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, पाककृतीऐवजी कोणाचा तरी लांबलचक मजकूर पुढे ढकलला. दुधावाचून गोड ही युरोपातल्या रिकामटेकड्यांची टूम आहे, जगात सर्वांत जास्त दूध ज्या देशात निघते त्या देशातल्या माणसाने तिच्या नादी लागू नये, आणि ओट भिजवून काढलेल्या पाण्याला दूध म्हणणे ही फसवणूक असल्याचे आपल्या सरकारनेही सांगितले आहे, असा त्याचा मथितार्थ होता. खाली दादाची स्वतःची भर होती: ‘बासुंदी कर. थोडीशी खाल्ल्याने कोणी मरत नाही.’

सरकारचे म्हणाल तर ते खरे आहे. २०२१ मध्ये आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांच्या नावातून ‘दूध’ हा शब्द काढायला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले होते. दादाला ठाऊक नसावे ते एवढेच, की लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने हाच निकाल २०१७ मध्ये, म्हणजे चार वर्षे आधी देऊन ठेवला आहे. म्हणून इथे जर्मनीत खोक्यांवर ‘हाफरड्रिंक’, म्हणजे ओटचे पेय, छापलेले असते आणि काउंटरवर उभी राहून मी ‘हाफरमिल्श’, म्हणजे ओटचे दूध, मागते. युरोपच्या फॅडाविरुद्ध संस्कृतीची ढाल पुढे करणारा माझा भाऊ वास्तविक लक्झेंबर्गच्या न्यायमूर्तींच्या बाजूला जाऊन बसला आहे, हे त्याला कळवण्याचा मोह मला आवरला नाही. त्या नियमाला रूढ नावांचे अपवाद आहेत आणि त्या यादीत ‘कोकोसमिल्श’, म्हणजे आपले नारळाचे दूध, आहे. आणि नावात ‘केझ’ म्हणजे चीज असूनही ज्यात औषधालाही चीज सापडणार नाही तो लेबरकेझ हा मांसाचा पदार्थही आहे. हे लिहिल्यावर दादाने फक्त अंगठा पाठवला. हा अंगठा सहमतीचा नसतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

परंतु मला खरा राग आला तो ‘थोडीशी’ या शब्दाचा. इथे जेवायचे आमंत्रण दिले की पाहुणे काय खात नाहीत ते आधीच कळवतात, यजमानही विचारतो, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे विचारले तर पाहुणा ‘काहीही चालेल’ म्हणतो आणि जेवायला बसल्यावर ताटावर हात आडवा धरतो. दादा यावर म्हणेल की एकादशी, चातुर्मास, कांदालसूण, जैन पाहुणे हे सगळे आपण पिढ्यानपिढ्या न विचारता सांभाळत आलो. तेही बरोबर आहे. आजीच्या एकादशीला तिला ‘थोडासा भात खा’ म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. पण देवासाठी सोडलेले आपल्याला कळते आणि शरीराने नाकारलेले नखरे वाटतात, हे मी त्याला कितीदा तरी सांगितले असेल.

सांगितले खरे, पण तो अधिकार मला कितपत आहे? तीन वर्षांपूर्वी याच अ‍ॅलर्जीवाल्या मैत्रिणीला मी शिरा वाढला होता. दूध घातले नव्हते, पाण्यात केला होता, आणि तसे मी तिला छातीठोकपणे सांगितलेही होते. तूप मात्र वाटीभर होते, कारण तूप म्हणजे दूध नव्हे, कढवल्यावर त्यात दुधाचे राहते काय, अशी माझी समजूत होती. तूप कढवताना लॅक्टोज जवळजवळ निघून जाते, परंतु प्रथिनाचा अंश राहू शकतो, आणि तिला नेमका त्याचाच त्रास होतो. त्यामुळे दुकानातले लॅक्टोजमुक्त दूधही तिच्या उपयोगाचे नाही. दुसऱ्या घासाला तिचे ओठ सुजले. तिने पर्समधली गोळी घेतली, अर्धा तास सोफ्यावर बसून राहिली आणि मग एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, घरी गेली. जाताना ती मलाच धीर देत होती. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात काय चालले होते ते लिहायला हवे: इतक्याशा तुपाने काय होते, असेच चालले होते. शब्द अगदी दादाचाच होता.

तेव्हापासून ती माझ्याकडे आली की पाकिटे वाचते, आणि मीही वाचू लागले आहे. त्या शनिवारच्या आधी एशियालाडनमध्ये, म्हणजे आशियाई वाणसामानाच्या दुकानात, नारळाच्या दुधाची पावडर हातात घेतली, जी मी कित्येक वर्षे सोलकढीला वापरत आले, आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘मिल्शआयवाइस’, म्हणजे दुधाचे प्रथिन, दिसले. नारळाच्या दुधात गाईचे प्रथिन! ठळक छापण्याची सक्ती नसती तर मला ते कधी दिसलेही नसते. पाकीट परत ठेवले आणि गोठवलेला खोवलेला नारळ घेतला.

तोवर काय करायचे ते माझे ठरले होते. त्याआधी गाजरहलवा ओटच्या दुधात करून पाहिला होता. तो आटण्याऐवजी खळीसारखा चिकट झाला. सोयाच्या दह्याचा चक्का बांधून श्रीखंडही करून झाले होते, त्याविषयी न बोललेले बरे. मग वहिनीचा संदेश आला, गटावर नव्हे, मला एकटीला: ‘अगं, आपले शिरवाळे विसरलीस का?’

विसरले नव्हते, पण आठवूही दिले नव्हते. मालवणजवळच्या आमच्या गावी गणपतीत काकू शिरवाळे करायची. तांदळाच्या पिठाची उकड, तिचे मुटके, ते उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि हाताला चटके बसत असतानाच लाकडी शेवग्यात घालून दाबायचे. खाली पांढऱ्या शेवया उतरत आणि त्यांवर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. पुण्यातल्या शाळेत सणाला काय गोड केले असे कोणी विचारले की मी श्रीखंड म्हणून सांगत असे. रसात बुडवलेल्या तांदळाच्या शेवया हे गरिबाचे पक्वान्न वाटे, आणि एका अर्थाने ते होतेही: कोकणातल्या लहानखुऱ्या गाई वासराला पाजून घरात किती दूध देणार? नारळ मात्र परसात होता. त्या शनिवारी पाहुण्यांना मी हे आमचे प्राचीन व्हीगन पक्वान्न असल्याचे सांगितले, आणि सांगताना मला जराही संकोच वाटला नाही.

शेवगा नव्हता, पण श्वाबेनमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या या मुलखात, श्पेट्झले नावाच्या अंडे घातलेल्या जाड शेवया पाडायची श्पेट्झलेप्रेस जिथे नाही असे स्वयंपाकघर शोधावे लागेल. वरच्या मजल्यावरच्या आजींनी आपली जुनी प्रेस दिली, आणि या आठवड्याचे केरवोखे, म्हणजे इमारतीचा जिना झाडण्या-पुसण्याची पाळी, माझ्याकडे असल्याची आठवणही दिली. तिची भोके मोठी, त्यामुळे शेवया बोरूएवढ्या जाड उतरल्या. उकड थोडी निवली की दांडा जागचा हलत नाही. दोन मुटक्यांनंतर मी प्रेस ओट्यावरून उचलून जमिनीवर ठेवली आणि वरून सगळा भार दिला. रस न तापवता त्यात गूळ विरघळवला, कारण तापवला की तोही दुधासारखा फुटतो.

मैत्रिणीने आधी नारळाचे पाकीट वाचले, मग गुळाचे, आणि दोनदा मागून घेतले. प्रेस परत करताना आजींना वाटीभर नेऊन दिले. त्यांनी चव घेतली, छान आहे म्हणाल्या, आणि लगेच जोडले की यात अंडे नाही, तेव्हा हे श्पेट्झले नव्हेत. तो आग्रह त्यांना शोभतो. ‘श्वेबिशे श्पेट्झले’ हे नावच युरोपात २०१२ पासून भौगोलिक मानांकनाने राखलेले आहे. मी हसून मान डोलावली. घरी येऊन गटावर फोटो टाकला, तर पाच मिनिटांत दादाचे उत्तर हजर: ‘एवढे जाड? हे शिरवाळे नव्हेत.’

आजींचे मला काही वाटले नव्हते. दादाचे वाक्य मात्र मी भांडी घासताना, ओटा पुसताना, पफांडच्या, म्हणजे परत केल्यावर अनामत मिळणाऱ्या, बाटल्या पिशवीत भरताना मनात घोळवत राहिले आणि त्याला निदान चार उत्तरे तयार केली. नियमाने पाहिले तर त्याचे चुकत नव्हते. ओटच्या पाण्याला दूध म्हणू नये, या त्याच्याच न्यायाने चालला होता तो. मी काय करत होते? त्याने मला अपवादांच्या यादीत घालावे, अशी वाट पाहत होते.

मी एकही उत्तर पाठवले नाही. रात्री उशिरा, म्हणजे तिकडे पहाटे, त्याचा पुन्हा संदेश आला, या वेळी मला एकटीला: ‘मुटके शिजवताना पाण्यात हळदीचे पान टाकलेस का? आई टाकायची.’ इथे हळदीचे पान मिळत नाही, हे मी त्याला अजून कळवलेले नाही.