निर्धाराचा मेसेज आणि कुकरच्या तळाचा भात

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, भिशीचा ग्रुप आणि सकाळी तळजाई टेकडीवर बरोबर चालणाऱ्या बायकांचा ग्रुप. नाव ‘२१ दिवसांचा निर्धार’. मजकूर थोडक्यात असा : वजन शरीरात नाही, मनात असतं. मन २१ दिवस घट्ट ठेवलं की सवय कायमची लागते. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात मध-लिंबू, रात्री भात बंद, रोज १०,००० पावलं. पहिल्याच आठवड्यात ४ किलो उतरतात. आणि शेवटची ओळ : ‘ज्याला जमत नाही, त्याला मनापासून नकोच असतं.’

त्या शेवटच्या ओळीसाठी मी हे लिहायला बसले. पुण्यात आमच्या सहकारनगरात समोरच्या बिल्डिंगमध्ये एक काकू राहतात. त्यांनी हा मेसेज अक्षरशः पाळला. अठराव्या दिवशी गुडघा सुजला, चालणं थांबलं, आणि त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “माझं मनच कच्चं आहे गं.” साठीला आलेली, सगळं घर डोक्यावर घेऊन चालणारी बाई असं म्हणते तेव्हा मेसेज निरुपद्रवी आहे असं मला म्हणवत नाही.

आधी २१ या आकड्याचं बघू. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. ऑपरेशननंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली लिहून ठेवलं. पुढे सांगोवांगीत ‘किमान’ गळालं, चेहरा गळाला आणि २१ दिवसांत कुठलीही सवय लागते हे उरलं. प्रत्यक्ष मोजणी झाली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय निवडायला सांगितली : जेवणाबरोबर फळ खाणं, जेवणाआधी थोडं धावणं, अशा साध्या गोष्टी. २००९ मध्ये निष्कर्ष आले. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणं जड जात असेल, तर त्यात काहीच चुकलेलं नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. ‘पुन्हा पहिल्यापासून मोजा’ हा नियम म्हणूनच मला सगळ्यात घातक वाटतो. आपल्याकडे २१ दिवस कोरे मिळतात तरी कधी? कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं बारसं, गणपतीत मोदक, मग घटस्थापना. सोळाव्या दिवशी जाऊबाईंनी आग्रहाने पुरणपोळी वाढली आणि ती खाल्ली, की हा मेसेज म्हणतो तुमचे सोळा दिवस फुकट गेले. असं ऐकल्यावर बाई सतराव्या दिवशी नव्याने सुरू करत नाही, सोडून देते. पुरणपोळी खाल्ली तर खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची वेळ पाळायची, एवढंच.

आता ‘वजन मनात असतं’. मनाचा भाग नाही असं कोण म्हणेल? पण उपाशी शरीर मनाचं काय करतं हेही बघायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या संशोधकांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. मुलं स्वखुशीने आलेली, निर्धाराला कुठे कमी नव्हती. थोड्याच दिवसांत ती अन्नाखेरीज दुसरं बोलेनाशी झाली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, चिडचिडी आणि उदास झाली. अलीकडचं उदाहरण द्यायचं तर वजन उतरवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना केव्हिन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१६ मध्ये ते छापून आलं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं, आणि त्यांचं शरीर त्या आकारमानाच्या माणसाला लागायला हव्यात त्यापेक्षा दिवसाला साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. वजन झपाट्याने उतरलं की शरीर हात आखडता घेतं. त्याला आळस म्हणणं हा अन्याय आहे.

आणि या बाबतीत पुण्यात बसून आपल्याला परदेशाकडे बघायचीही गरज नाही. इथल्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ पासून सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं बारीक, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणाऱ्या बाळातही चरबीचा वाटा जास्त. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्लंडच्या सहकाऱ्याचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून तर भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त धरतात, आणि कंबरेचं माप पुरुषांना ९० तर बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत ठेवायला सांगतात. आईच्या पोटात असल्यापासून जे शरीरात घडत आलं, त्याचा दोष साठाव्या वर्षी मनावर टाकायचा?

मग करायचं काय, असं कुणी विचारलं तर मी त्यांना रात्री दहा वाजता स्वयंपाकघरात घेऊन जाईन. माझ्या घरचंच सांगते. जेवणं उरकलेली. कुकरच्या तळाशी दोन डाव भात, कढईच्या कडेला चिकटलेली बटाट्याची खरपूस भाजी, नातवाच्या ताटलीत अर्धी तूप-साखर पोळी. टाकवत नाही. मी ओट्याशी उभ्यानेच पोळीच्या तुकड्याने कढई पुसून तोंडात टाकायची, वर तो भात. वर्षानुवर्षं. आणि कुणी विचारलं तर मनापासून सांगायची की रात्री मी एकच पोळी खाते. एकदा ते सगळं तोंडात न टाकता वाटीत काढलं आणि काट्यावर ठेवलं. १८० ग्रॅम भरलं. अडीचशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे तळजाईवर तासभर चालावं तेवढ्या.

यावर मी कसलाही निर्धार केला नाही. तांदूळ अर्धी वाटी कमी लावायला लागले. आणि पानं घेण्याआधी ओट्यावर झाकणाचा डबा काढून ठेवते. उरेल ते त्यात, डबा फ्रीजमध्ये, सकाळी त्याचा फोडणीचा भात. पहिले दोन महिने हात आपोआप कढईकडे जायचा. आता जात नाही. ज्या घरात बाई सगळ्यांत शेवटी जेवते आणि अन्न वाया जाऊ न देण्याची जबाबदारी तिच्या एकटीच्या पोटावर असते, तिथे तिला निर्धार शिकवण्याआधी घरातल्यांनी आपापलं ताट संपवावं.

तेलाचंही तसंच. बुधलीतून थेट कढईत ओतलं तर किती गेलं ते कळतच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २,००० कॅलरींच्या आहारात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोजचे ३८ ग्रॅम होतात, तूप वेगळंच. डब्यावर आणल्याची तारीख लिहायची. मी तेवढंच केलं, आणि महिन्याचा डबा दीड महिना पुरू लागला. भाजीची चव बिघडल्याचं घरात कुणी म्हटलं नाही.

मध-लिंबाबद्दल फार लिहीत नाही. चमचाभर मधात २० कॅलरी असतात, त्याने चरबी वितळत नाही. कोमट पाणी आवडत असेल तर जरूर प्यावं.

रात्रीचा भात बंद केल्याने वजन उतरतं, पण ते त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही तरच. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात १३० कॅलरी. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण २०० ची. भात सोडला म्हणून दोन भाकऱ्या आणि वर तुपाची धार घेतली तर हिशेब वाढलाच. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. मधुमेह असेल तर भाताचं प्रमाण सांभाळायलाच हवं, पण ते दिवसाही आणि रात्रीही.

१०,००० पावलांचा आकडा जपानमधून आला. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये तिथे पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मापक’. विक्रीसाठी घेतलेला गोल आकडा. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ बायकांची पावलं मोजली, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा घटलेलं दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास पुढचा फायदा थांबला. हा अभ्यास आयुष्याचा आहे, वजनाचा नाही, हे खरं. पण सुजलेल्या गुडघ्याने पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून कुणाचा तरी आकडा पुरा करायची गरज नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. काकूंनी नेमकं तेच केलं होतं. घड्याळात ८,२०० दिसले की त्या संध्याकाळी पुन्हा पायऱ्यांकडे जायच्या.

‘पहिल्या आठवड्यात ४ किलो’ हे मात्र सरळसरळ खोटं आश्वासन आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी. चार किलोंच्या ३०,८००. सात दिवसांत त्या जाळायच्या तर रोज ४,४०० ची तूट हवी. आपल्यातल्या बहुतेकींचं दिवसाचं सगळं खाणंच त्याच्या निम्मं असतं. सुरुवातीला काटा उतरतो तो पाण्यामुळे. शरीरात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की ती साखर संपते आणि पाणीही जातं. नीट जेवल्यावर ते परत येतं, आणि बाईला वाटतं आपण हरलो.

राहिली ती शेवटची ओळ, ‘त्याला मनापासून नकोच असतं.’

काकूंच्या सासूबाई नव्वदीच्या आहेत. रात्री त्यांना तीनदा उठवून बाथरूमला न्यावं लागतं, आणि गेली चार वर्षं ते काकूच करतात. त्यांची झोप दोन-दोन तासांच्या तुकड्यांची. शिकागोमध्ये १२ निरोगी तरुणांना फक्त दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्के उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्के चढलं. आणि त्यांना गोड, खारं, पिठूळ खावंसं वाटू लागलं. २००४ चा अभ्यास आहे. दोन रात्रींनी विशीतल्या पोरांचं हे झालं. काकूंच्या चार वर्षांचं काय सांगावं? दुपारी चारला त्यांचा हात खारीच्या डब्याकडे जातो, त्याला मी मनाचा कच्चेपणा म्हणू शकत नाही. त्यांच्याइतकं घट्ट मन मी फार थोड्यांचं पाहिलं आहे.

डॉक्टरांनी त्यांना पहिला प्रश्न झोपेचाच विचारला, मग कंबर मोजली, थायरॉइड आणि साखर तपासायला सांगितली. घरी बोलणं झालं, आणि आता आठवड्यातल्या तीन रात्री मुलगा आजीच्या खोलीत झोपतो. काकू वीस मिनिटं सपाटीवर चालतात, गुडघ्याचे व्यायाम करतात. दोन महिन्यांत वजन सव्वा किलोने उतरलंय, कंबर तीन सेंटीमीटरने. परवा तळजाईच्या बाकावर बसल्या बसल्या मला म्हणाल्या, “काल सलग साडेसहा तास झोपले गं. चहाला उठवलं तेव्हा जाग आली.”