जो मीकचं नाव घेऊन गोळ्या बंद करायला सांगू नका

‘जो मीकने गोळ्या खाल्ल्या असत्या तर “टेलस्टार” झालंच नसतं. वेड हीच कलाकाराची देणगी.’ ‘टेलस्टार’ हे गाजलेलं गाणं करणाऱ्या लंडनच्या या रेकॉर्ड प्रोड्यूसरवरचा हा फॉरवर्ड सध्या मुंबईतल्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझा भाचा भांडुपला खोलीत गोधड्या टांगून गाणी रेकॉर्ड करतो. त्याला डॉक्टरांनी मानसिक आजारावरच्या गोळ्या दिल्यात. फॉरवर्ड वाचून म्हणाला, “मामा, थोडे दिवस बंद करून बघू?” डोकंच फिरलं माझं.

त्यातलं सगळ्यात घाणेरडं वाक्य शेवटचं आहे: ‘लाडक्या बडी हॉलीला भेटायला त्याच्याच पुण्यतिथीला मीकने जगाचा निरोप घेतला.’ हॉली म्हणजे मीकचा आवडता अमेरिकन रॉक गायक. तारीख बरोबर आहे, ३ फेब्रुवारी १९६७. पण त्या दिवशी मीकने आधी घरमालकीण व्हायोलेट शेंटन यांना गोळी घातली, मग स्वतःला. फॉरवर्डमध्ये त्या बाईंचा उल्लेखसुद्धा नाही! एक खून गाळायचा आणि उरलेल्याला ‘निरोप’ म्हणायचं?

त्याआधीची वर्षंही बघा. कोणीतरी चोरून आपलं ऐकतंय हा सततचा संशय, उत्तेजक गोळ्या, डोक्यावर कर्ज. समलिंगी संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. १९६३ मध्ये त्याला त्यावरून अटक झाली, पुढे ब्लॅकमेलही. आजार बळावत गेला तशी हिट गाणी आटली. कसली देणगी?

फॉरवर्ड पुढे म्हणतो, ‘अडाणी होता, सगळं आपोआप सुचायचं.’ वाद्य वाजवता येत नव्हतं, चाल गुणगुणून दाखवायचा, प्लँचेट करायचा, एवढं मान्य. पण लहानपणापासून हा माणूस वायरी आणि सर्किटांत बसलेला, हवाई दलात रडारवर काम केलेला, मोठ्या स्टुडिओंत साउंड इंजिनिअर म्हणून राबलेला. मग ३०४ होलोवे रोडला, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या घरात त्याने स्टुडिओ थाटला. १९६४ मध्ये ‘हॅव आय द राइट’च्या वेळी बँडला जिन्याच्या लाकडी पायऱ्यांवर पाय आपटायला लावले आणि पाच माइक सायकलच्या क्लिपांनी कठड्याला अडकवले. आजही ते गाणं लावा, तो धपधप आवाज कानात बसतो. कुठला माइक कुठे लावायचा हे वेडाने कळत नाही.

‘उपग्रहाचे खरे सिग्नल गाण्यात घातले.’ थाप. टेलस्टार उपग्रह जुलै १९६२ मध्ये सुटला, त्याच नावाचं मीकचं गाणं ऑगस्टमध्ये आलं, आणि त्यातले चित्रविचित्र आवाज मीकने घरीच तयार केले.

‘त्या गाण्याने कोट्यधीश झाला.’ ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं खरं. पण एका फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा ठोकला आणि रॉयल्टी अडकली. निकाल मीकच्या बाजूने लागला, तोही तो गेल्यावर.

भाच्याला सांगितलंय, गोळ्या कमी-जास्त करायच्या त्या डॉक्टरांनीच. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, फुकट आहे. आणि ग्रुपच्या अॅडमिननो, तो फॉरवर्ड आजच काढा.