पियाझोलाला म्हणे परदेशाने घडवलं!

एक फॉरवर्ड सध्या जिकडेतिकडे दिसतोय. त्यात म्हटलंय की अर्जेंटिनाने टँगो (तिथलं नाचाचं संगीत) रचणाऱ्या आस्तोर पियाझोलाला हाकललं, मग तो पाच जणांचा बँड घेऊन युरोप-अमेरिकेत गेला, तिकडच्या लोकांना आवडावं म्हणून टँगोचं जाझ केलं, आणि त्यावर नाचता येत नाही म्हणजे तो टँगोच नाही. वाचायला भारी वाटतं, पण एकेक मुद्दा घ्या, काहीच टिकत नाही.

हाकललं? शिव्या भरपूर खाल्ल्या त्याने ब्युनॉस आयर्समध्ये, टँगो मारला म्हणून जुनी मंडळी अंगावर यायची, हे खरंय. पण १९५८ ते ६० तो न्यूयॉर्कला होता, तिथे त्याने खरोखरच जाझ-टँगो करून अमेरिकन लोकांना विकायचा प्रयत्न केला आणि तो साफ आपटला, नंतर तो स्वतःच त्याला नावं ठेवायचा. मग घरी परत आला आणि १९६० मध्ये ते फेमस क्विंटेट, म्हणजे तोच पाच जणांचा बँड, ब्युनॉस आयर्सलाच उभं केलं. म्हणजे परदेशासाठी केलेलं फसलं, घरी केलेलं चाललं! पॅरिसला तो १९५४ मध्ये नादिया बूलांजे या संगीतशिक्षिकेकडे शिकायला गेला होता, तर त्याच्याच सांगण्यानुसार बाईंनी त्याचा टँगो ऐकून हाच खरा पियाझोला, हे सोडू नकोस असं बजावलं.

आता जाझ. इलेक्ट्रिक गिटार आहे, जाझ त्याला आवडायचं, मान्य. पण जरा व्हायोलिनकडे कान द्या ना. घोडीच्या मागे, तारेला दोरा गुंडाळलेला असतो तिथे गज घासून वादक किर्र किर्र आवाज काढतो, त्याला चिचार्रा म्हणतात आणि ही टँगोवाल्यांचीच जुनी खोड आहे. आणि खालून जो आठाचा ठेका तीन-तीन-दोन असा तुटत जातो तो मिलोंगा नावाच्या जुन्या संगीतप्रकारातला. कमी माणसांचा बँड तरी नवीन कुठे, टँगोवाल्या हुलिओ दे कारोचं सेक्स्टेट (सहा जणांचा बँड) १९२४ चं, आणि पियाझोलाने त्याच्या सन्मानार्थ 'देकारीसिमो' लिहिलंय. बाकी बँडोनियन, म्हणजे टँगोतलं ते भात्याचं वाद्य, मुळात जर्मनीचं, आपली पेटी जशी युरोपातून आली तसंच, त्यामुळे शुद्ध-अशुद्धचा वाद घालायचाच तर तिथून सुरू करा.

नाचाबद्दल एवढंच, टँगो गायक गार्देलच्या गाण्यांवरही मिलोंगात (टँगो नाचायच्या कार्यक्रमालाही मिलोंगाच म्हणतात) सहसा कोणी नाचत नाही. त्यालाही टँगोतून काढताय का?

परदेशासाठी सजवलेला टँगो बघायचाच असेल तर १९२५ मध्ये पॅरिसला गेलेल्या फ्रान्सिस्को कानारोच्या ऑर्केस्ट्राचे फोटो बघा, तिथल्या युनियनच्या नियमांमुळे बिचारे शहरी वादक गाउचोचे, म्हणजे तिकडच्या गुराख्यांचे, कपडे घालून बसायचे 😄. आणि मग सप्टेंबर १९८७ चं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं पियाझोलाचं क्विंटेट ऐका. पियानोवर पाब्लो झिगलर, व्हायोलिनवर सुआरेस पास, गिटारवर माल्विसिनो, बासवर कोन्सोले, सगळे अर्जेंटिनाचेच, समोर न्यूयॉर्कचं पब्लिक, आणि वाजवतायत काय तर 'मिलोंगा देल आंखेल', 'ला मुएर्ते देल आंखेल', म्हणजे साठच्या दशकात ब्युनॉस आयर्समध्ये वाजलेल्याच चीजा. यात तिकडच्यांसाठी नेमकं काय बदललं ते फॉरवर्डवाल्याने दाखवावं.