‘आठ आठवडे नुसतं धुम-चक-चक’ या अभिप्रायाला क्लासचं उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: लोकधुनेच्या ढंगाचा एक साधा वॉल्ट्झ, म्हणजे तीन-तीन मात्रांची पाश्चात्त्य नृत्यधून, गिटारवर शिकायला आलात, आठ आठवड्यांत जी, सी, डी या तीन कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांवर) धुम-चक-चक हा साथीचा ठेका घोटून घेतला, चाल शेवटच्या दोन तासांत उरकली, पिक (तारा छेडायची छोटी चपटी पट्टी) वापरू दिलं नाही, आणि शनिवारची बॅच दरवेळी उशिरा सुरू झाली.

आधी उशिराचं. चूक आमची. शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोड तुंबतो हे पुण्यात कुणालाच नवीन नाही, त्यामुळे ती सबब आम्ही सांगायलाच नको होती. दोन बॅचमध्ये आता १५ मिनिटांची मोकळी वेळ ठेवली आहे.

धुम-चक-चकबद्दल मात्र आम्ही माघार घेणार नाही. पहिल्या मात्रेला अंगठ्यानं एक जाड तार, पुढच्या दोन मात्रांना तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या तारेवर एकदम. एवढं अर्ध्या तासात जमतं, खरंय. पण बेस, म्हणजे अंगठ्याचा तो खालचा सूर, दर बारला (तीन मात्रांच्या गटाला) बदलतो. जी वर आधी सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट (मानेवरच्या पट्ट्यांमधलं घर), पुढच्या बारला चौथी तार मोकळी, म्हणजे न दाबता. सी वर पाचवीचा तिसरा, मग चौथीचा दुसरा. डी वर चौथी मोकळी, मग पाचवी मोकळी. जी वरून सी कडे जाताना सहावीचा तिसरा, पाचवी मोकळी, पाचवीचा दुसरा अशा तीन मात्रा चालत जाऊन सी च्या समेवर उतरायचं. हे न बघता व्हायला आठवडे लागतातच.

त्यात आपल्या कानात सहा मात्रांचा दादरा ताल बसलेला. तीन-तीनची विभागणी ओळखीची वाटते, पण दादऱ्यात चौथ्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे बिनवजनाची मात्रा, येते. त्या सवयीनं दुसऱ्या बारचा बेस आपोआप हलका पडतो, आणि बदलता बेस ऐकूच येत नाही. वॉल्ट्झला दर तीन मात्रांनी पहिली वजनदार लागते. कॉर्ड बदलताना कुणी जरा थांबलं की तीनाच्या चार मात्रा होतात, ते वेगळंच. यावर उपाय म्हणजे मिनिटाला १२० मात्रांची गती धरून मेट्रोनोम (ठरावीक गतीनं टिकटिक करणारं यंत्र) ४० वर लावायचा. टिक फक्त पहिल्या मात्रेला पडते, चोरी लगेच पकडली जाते.

दुसरी अडचण ‘चक’च्या लांबीची. तो तोडला नाही तर सगळा गोंगाट होतो. डी मध्ये वरच्या तिन्ही तारा दाबलेल्या असतात, म्हणून डाव्या हाताची पकड सैल केली की आवाज थांबतो. जी मध्ये तिसरी आणि दुसरी तार मोकळी असते, तिथं ही युक्ती चालत नाही. उजवी बोटंच परत तारांवर टेकवावी लागतात. तुमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथं.

पिकचं कारण सांगायला हवं होतं, ते राहिलं. नुसती साथ करायची तर पिक उत्तम: तिन्ही फटके खाली, पहिला फक्त बेसवर. पण चाल आणि बेस एकट्यानं वाजवायचे तर पहिल्या मात्रेला सहावी आणि पहिली तार एकदम छेडावी लागते, मधल्या चार सोडून. एका पिकनं ते होत नाही.

चाल उशिरा दिली, हा आक्षेप मान्य. सोळा बारची चाल, आठ-आठचे दोन भाग; पहिला भाग चौथ्या आठवड्यातच द्यायला हवा होता. बेस कशासाठी घोटतोय ते तेव्हाच कळलं असतं. पुढच्या बॅचपासून तसंच करणार आहोत.

तुमचे दोन तास आमच्याकडे बाकी आहेत असं समजा, वेगळी फी नाही. दुसऱ्या भागाच्या पाचव्या बारला डी वरून जी वर येताना तुमचा अंगठा पाचव्या तारेवरच राहतो, तिथून सुरुवात करू. येताना पिक आणलंत तरी चालेल.